खंजिरीला खटकलेलं कडवं

मित्रांनो, समुद्रपूरजवळच्या एका गावात देवळातल्या खुंटीवर लटकलेली जुनी खंजिरी आहे मी. सुताराने सागाचं कडं कोरलं, त्याच्यावर बकऱ्याचं कातडं ताणलं, पितळी चकत्या बसवल्या. भजनाचे बुवा भैयाजी कातडं ताठ व्हावं म्हणून मला आधी निखाऱ्यावर शेकत आणि मगच देवापुढे हातात घेत. माझं फार कौतुक व्हायचं तेव्हा.

एकोणीसशे सत्तावन्न साली गावाने श्रमदानाने विहीर खोदली. तिच्या उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी गावात पदं रचणाऱ्या रूपरावने भजनात नवं पद म्हटलं. ‘मीच रचलं’ म्हणाला.

खडकाले घाव दे, खडक फुटंल
मातीले घाम दे, पाझर सुटंल
हाताले हात दे, आळस तुटंल
चाल गड्या

सगळे डोलू लागले. मला मात्र शंका आली. रूपरावची पदं चार सारख्या ओळींची असत, बैलगाडीसारखी एका चालीत जाणारी. इथे तीन ओळींना यमक आणि चौथी तोकडी. शिवाय प्रत्येक ‘चाल गड्या’नंतर जरासं थांबणं. जात्यात मूठभर दाणे टाकायला बाई थांबते, अगदी तेवढंच. रूपराव कधी दळायला बसला होता?

मग शेवटचं कडवं आलं. आमच्याकडे त्यात रचणाऱ्याचं नाव गुंफतात. एकदा ते नाव गावाच्या तोंडी बसलं की कोणी बदलत नाही.

पाणी सर्वांचं, सर्वांची छाया
घामानं न्हाली आपली काया
म्हणे रूपराव...

भैयाजींचा हात माझ्यावरच थांबला.

“काऊन रे रूपराव? छाया, काया अन् मंग तू? यमक जेवाले गेलतं का?”

“यमकाचं काय घेऊन बसले भैयाजी, भाव पाहा ना.”

“भाव पाहूनच इचारून राह्यलो.”

बायकांत रूपरावची वहिनी अनुसयाबाई बसली होती. तिने पदर तोंडावर ओढला. ते भैयाजींनी पाहिलं.

“बाई, जात्यावर तुमी हे कसं म्हणता?”

“भाऊजीनं म्हटलं तर गाव ऐकते. माह्यं कोण ऐकते?”

रूपरावची मान खाली गेली. त्याने भैयाजींच्या हातून मला घेतलं.

“वहिनी, शेवटचं कडवं म्हण. मी साथ देतो.”

तिचा आवाज आधी कापला. छाया आली, काया आली आणि ‘म्हणे अनुसया’ म्हणताना तो स्थिर झाला. दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगळ्या गावाने तेच नाव गायलं.

मित्रांनो, आता माझं कातडं सैल पडलंय. कधी आठवण झाली तर मला ऊन दाखवा. पण कोणाचं पद ओठांवर घ्याल, तर शेवटच्या ओळीतलं नाव तेवढं राहू द्या. देवही ते ऐकायला थांबलेला असतो.