डेऱ्यातली दीड पायली

चुलीमागच्या फळीवर आम्ही पाच मापे होतो. शेर एक, मापटे एक, चिपटे एक, कोळवे एक आणि निळवे एक. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली. फळीखाली मातीचा एक डेरा होता. त्यात घरखर्चाचे तांदूळ असत. डेऱ्याला टेकून लिहायची एक पाटी ठेवलेली होती.

मित्रांनो, त्या पाचांतले मापटे म्हणजे मी. पितळेचे, तोंडाला रुंद, उंचीला बेताचे.

माप हे जन्मतःच आरोपी असते. कर्जतच्या तांबटाने मला ठोकून घडवले, त्याच दिवशी त्याने मला पाण्याने भरले, ते पाणी जुन्या मापात ओतले, भुवई वर केली आणि माझ्या बुडावर आणखी दोन ठोके घातले. पुन्हा पाणी, पुन्हा भुवई. तेव्हापासून जो मला हातात घेतो तो आधी माझे बूड चाचपतो. मीही मग माणसांकडे तसेच बघायला शिकले. काठाच्या आत जे आहे, त्याचीच मी ग्वाही देते. बाकी कशाची नाही.

पोशीरच्या मालोजीच्या घरी मी आले ते त्याच्या लग्नात. मालोजी भातशेती करणारा, कष्टाळू, पण संशयी. खळ्यावर भाताची रास पडली की तिच्यावर राखेची रेघ ओढायची इथे चालच आहे. रात्री कुणी हात घातला तर रेघ मोडते. मालोजी एक रेघ ओढून थांबत नसे, तीन ओढी. त्याची बायको इंदूबाई खालापूरकडची, माहेरी चौथीपर्यंत शिकलेली. त्यांची एकुलती मुलगी सुंदरा अकरा वर्षांची.

लढाईची साले होती ती. शहरात धान्य रेशनवर, गावात सरकारी धान्यवसुलीची लेव्ही. तांदळाचा दाणा म्हणजे जपून ठेवायची वस्तू. त्यात पौष महिन्यात इंदूबाईला तिजारीचा हिवताप धरला. एक दिवस ताप, एक दिवस मोकळा, पुन्हा ताप. बाजारात हिवतापावरचे कोयनेल मिळेनासे झाले होते. आईला पाणी द्यायला, गोधड्या घालायला घरात कुणीतरी हवे, म्हणून सुंदराची शाळा सुटली. मास्तर घरी येऊन सांगून गेले, की चौथीचे गणित पक्के असेल तर चैत्रात परीक्षेला बसू देईन, घरी शिकली तरी चालेल.

"घरी कोन शिकवनार?" मालोजी म्हणाला.

"मी हाय की," इंदूबाई गोधडीतून म्हणाली.

मला ते खरे वाटले नाही. ज्या बाईला उठून बसता येत नाही ती काय शिकवणार? पण ती शाळा तापाच्या कलाने चालू लागली. मोकळ्या दिवशी पाटीवर लेखन. तापाच्या दिवशी नुसते तोंडी. हुडहुडी भरली की इंदूबाई पाढ्याचा अर्धाच आकडा म्हणे आणि तिचे दात वाजू लागत. उरलेला अर्धा सुंदराने पुरा करायचा. डोळे दुखू लागले की पाटी बाजूला आणि फळीवरून आम्ही खाली. पावकी शिकवायची तर मी आणि कोळवे, निमकी शिकवायची तर मी आणि चिपटे. एकदा ताप उतरता उतरता ती हसून म्हणाली, "बघ, हिवताप मास्तरापेक्षा बरा. एक दिवसाआड सुट्टी देतो."

पण स्वयंपाक कोण करणार? मग इंदूबाईची थोरली बहीण सोनाबाई खालापूरकडून बैलगाडीने आली. विधवा, अंगाने काटक, जिभेने तिखट. आल्या आल्या तिने मला उचलले आणि माझे बूड चाचपले. मी तिला तिथेच ओळखून ठेवले.

त्या दिवशी डेरा नव्याने भरायचा होता. मालोजीने कणगीतून तांदूळ काढले आणि सुंदराने मला घेऊन मोजले, आईच्या पद्धतीने, दर वेळी काठावरून तळहात फिरवून. साठ मापटी, म्हणजे साडेसात पायली. इंदूबाईने अंथरुणातूनच गणित घातले.

"रोज दोन वेळचं मिळून तीन मापटी लागतात. किती दिवस पुरंल?"

"वीस," सुंदरा म्हणाली आणि तिने पाटीवर वीस रेघा मारल्या. रोज एक पुसायची. पाटी डेऱ्याला टेकून ठेवली. संशय घरात शिरला तो त्या पाटीपासून.

दहा रेघा पुसल्या तेव्हा डेरा निम्मा हवा होता. मालोजीने आत हात घातला. हात फार खोल गेला.

"सुंदरे, तुजं गणित चुकलंय."

सुंदराने गणित दोनदा केले. "नाय बा. वीसच येतात."

"मग तांदूळ चुकलं म्हन."

त्याने बायकोला काही सांगितले नाही. रोज संध्याकाळी सोनाबाईने तांदूळ काढले, की तो डेऱ्यात वाकून दाणे सारखे करी आणि त्यावर पंजाचा ठसा उमटवी. खाण्याच्या तांदळात राख कशी टाकणार? सकाळी सोनाबाईच्या आधी उठून बघे. ठसा जसाच्या तसा. पाचही बोटे जागेवर. तांदूळ मात्र उतरतच होते.

सोनाबाईच्या ते लक्षात आल्यावाचून कसे राहील?

"दाजी," ती एका सकाळी म्हणाली, "डेऱ्यात कुनाचा हात उमटलाय. भूत तर नाय? का पोलीसपाटील ऱ्हातो आत?"

मालोजी बैल सोडायला गेला. त्याने सुंदराला मात्र गुपचूप सांगून ठेवले, की मावशी मापते तेव्हा जवळ बसायचे. बाराखडी घोकायच्या मिषाने सुंदरा डेऱ्यापाशी बसू लागली. ओठ बाराखडीचे, डोळे माझ्यावर. एक, दोन, तीन. सकाळी दोन, संध्याकाळी एक. वर एकही नाही.

मलाही सोनाबाईचा संशय येत होता. ती मापताना पदर फार जवळ धरायची. त्या पदरात काही जाते का, हे मी काठावरून बघायचे. काही दिसले नाही, पण न दिसण्याने संशय कधी फिटतो का? सुंदराची तर पंचाईतच झाली. मावशी तिची वेणी घालायची, आईची पावले रगडायची, आणि तिच्यावरच डोळा ठेवायचा. ती मावशीशी नीट बोलेनाशी झाली.

"काय गं, तोंडात मूग धरलेस का?" सोनाबाई म्हणे. "तुज्या बापानं डेऱ्यात हात उमटवला, तू काय उमटवतेस?"

मग मालोजीचा संशय माझ्यावर आला. मित्रांनो, तो दिवस मी विसरणार नाही. त्याने मला उपरण्यात बांधले आणि नेरळच्या सिराजच्या दुकानात नेले. दुकानात सरकारी शिक्क्याचे माप होते. माझे बूड आत गेले असेल, काठ झिजला असेल, नाहीतर कुणी मला ठोकून फुगवले असेल, असे त्याला वाटत होते. तसे निघाले असते तर मोडीत गेले असते मी, लढाईच्या दिवसांत पितळेला गिऱ्हाईक पुष्कळ होते. सिराजने मला तांदळाने भरले, काठावरून पट्टी फिरवली आणि शिक्क्याच्या मापात ओतले. एक दाणा कमी नाही, एक दाणा जास्त नाही.

"माप खोटं नाय, मालोजीभाऊ," सिराज म्हणाला. "आता मानसं मोजा."

तो थट्टेने बोलला होता. मालोजीने ते तसे घेतले नाही.

सोळावी रेघ पुसली त्या संध्याकाळी डेऱ्याचा तळ लागला. पाटीवर चार रेघा शिल्लक होत्या. इंदूबाईचा तापाचा दिवस होता. मालोजी उंबऱ्यात बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "सोनाबाई, उद्या सकाळी गाडी जुंपतो. तुमाला घरी पोचवतो."

इंदूबाईने गोधडीतून तोंड बाहेर काढले.

"का?" इंदूबाईने विचारले.

"चार दिसाचं तांदूळ गेलं. घरात आमी तिघं आणि ही. आमी तिघांनी तर चोरलं नाय."

सोनाबाईने पदर झटकून दाखवला. "झडती घ्या दाजी. गाठोडं सोडा. पन चोर म्हनून गाडीत बसवताय, तर उद्या खालापूरला मी काय तोंड दाखवू?"

"आणि रांदणार कोन?" इंदूबाई म्हणाली.

"सुंदरा रांदंल. लय झाली शाळा."

सुंदराच्या हातातली पाटी तशीच राहिली. आता चूल, पाणी, गुरे, आजारी आई. चैत्रातल्या परीक्षेला ती कुठली बसायला? मी फळीवरून बघत होते. पोर रडेल असे मला वाटले. ती रडली नाही, आईकडे बघत राहिली.

इंदूबाईला हुडहुडी भरत होती. पण तिने भांडण केले नाही. म्हणाली, "आजचा धडा ऱ्हायलाय. ये इकडं. चार दिसाचं तांदूळ म्हंजे किती मापटी?"

"बारा."

"पायल्या किती?"

"दीड."

"त्याची कोळवी कर."

एका मापट्यात चार कोळवी. सुंदरा पुटपुटली, "अठ्ठेचाळीस."

"आणि सोळा दिसांत मावशीनं मापटी किती काडली?"

"रोज तीन. सोळा त्रिक..." सुंदरा थांबली. "अठ्ठेचाळीस."

मालोजी उंबऱ्यातून उठला. "मंग तर झालंच. दर मापट्यामागं एक कोळवं मारलंय. मोजून मापून चोरी." सोनाबाईकडे बघून त्याने हात जोडायचेच बाकी ठेवले होते. "हिशेबी हायसा तुमी."

इंदूबाईचे डोळे मिटले. गणित बरोबर आले होते आणि बहिणीच्याच गळ्याशी आले होते. सोनाबाईने आपले लुगडे गाठोड्यात कोंबायला घेतले.

मित्रांनो, आता इथे थोडे थांबते. निळवे पुढे विहिरीत पडले, शेराचा कान तुटला. मीही आता फार वापरात नाही. माझ्यावर हिरवा गंज चढतो आणि सणावारीच कुणी चिंच लावते. आम्हाला घासूनपुसून ठेवा, एवढे मागणे आहेच. पण त्याहून मोठे मागणे असे, की संशय आला तर तो डोक्यात साठवू नका. कणगीतला तांदूळ साठवता तसा तो साठवला, तर त्याला पोरकिडे होतात. तो बाहेर काढा, सुपात ओता आणि मोजा. आणि आजारपणाने शाळा सुटली, तर ती आजाराच्या कलाने घरीच चालवता येते का, ते आधी बघा.

तर त्या संध्याकाळी दुसऱ्या सकाळचे तांदूळ मोजून ठेवायचे राहिले होते. मालोजीने कणगीतून थोडे तांदूळ सुपात काढून दिले. सोनाबाईने मापाला हात लावायचा नाही, असे त्याने बजावले. सुंदराने मला फळीवरून काढले, सुपात बुडवले, वर उचलले आणि आईने शिकवल्याप्रमाणे काठावरून तळहात फिरवला.

गाठोडे बांधता बांधता सोनाबाईचा हात आपोआप पुढे आला.

"हात फिरवू नको गं. घरात आजारी मानूस हाय."

"मंग काय झालं?"

"चुलीच्या मापावरनं हात फिरवला तर घरातली बरकत पुसली जाते. आमच्याकडं चुलीचं माप शिगेनंच भरतात. इकायला सपाट, चुलीला शीग. तुजी आई हे जानते की, पन ती इकडं येऊन पोशीरची झाली."

इंदूबाईने डोळे उघडले. सुंदरा माझ्याकडे बघत राहिली. रोज ती माझ्यापाशी बसली होती, पण तिने आकडा मोजला होता, काठाच्या वर काय आहे ते बघितले नव्हते.

"मावशी, तू भर," ती म्हणाली. "रोज भरतेस तशी."

मालोजी काही म्हणणार होता. इंदूबाईने कोपरावर उठून त्याला हाताने थांबवले.

सोनाबाईने मला सुपात घातले आणि दाणे थांबत नाहीत इथपर्यंत भरले. माझ्या रुंद तोंडावर तांदळाचा टोकदार ढीग उभा राहिला. सुंदराने दुसरे सूप खाली धरले. मग तळहात ताठ करून काठावरून सरळ ओढला. ढीग घसरून सुपात पडला. मी सपाट उरले. तिने सुपातले दाणे एका कोपऱ्यात आणले, दोन कडेला अडकले होते ते बोटाने काढले, फळीवरून कोळवे घेतले आणि त्यात ओतले. मालोजी दिवा घेऊन जवळ वाकला.

कोळवे काठोकाठ भरले. सुपात एकही दाणा उरला नाही.