लेकीच्या घरी घातलेली पाइप

“बाई, हिला हात लावू नगा,” भरमू नळाच्या जुन्या पाइपवर थाप मारत म्हणाला. “लई भारी माल. गंज न्हाई, कायबी न्हाई. असली आता शोधून मिळत न्हाई.”

बेळगावात चाळीस वर्षं नळकाम केलेला माणूस तो, त्याला कोण शिकवणार! घरमालकीण पद्मजाबाई मात्र कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या.

“भरमूअण्णा, किल्लीनं जरा खरवडा बघू.”

किल्ली सहज रुतली. वरचा काळपटपणा निघाला आणि खाली पांढरा लखलखीत पट्टा दिसला. बाईंनी लोहचुंबक लावून पाहिलं. चिकटलं नाही.

“शिसं आहे हे, अण्णा. पाण्यात उतरतं. लहान मुलांच्या मेंदूवरच जातं. आणि रात्रभर पाइपात साचलेलं सकाळचं पहिलं पाणी सगळ्यांत वाईट.”

पाडलेल्या एका बंगल्यातली असलीच पाइप भरमूनं जिवापाड जपली होती. शालूनं, म्हणजे त्याच्या लेकीनं, निपाणीत घर बांधलं तेव्हा टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत ती स्वतःच्या हातानं बसवली होती. वर ऐटीत सांगितलं होतं, “पयलं पाणी कुणी शिवायच्या आत भरून घे. देवाला आन् प्यायला.” अरे देवा, काय करून बसलो हे!

शालूचा फोन लागेना. मिळेल त्या बसनं त्यानं निपाणी गाठली.

“आप्पा, आसं अचानक?” म्हणत शालूनं गूळ-पाणी पुढं केलं.

“कवाचं पाणी ह्ये?”

“सकाळचं पयलं. तुमीच न्हवं सांगितलंसा?”

भरमूनं तांब्या मोरीत पालथा केला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. साडेतीन वर्षांची ऋतिका दाराशी उभी राहून बघत होती. ‘आई’ सोडून पोरीला अजून एक शब्द येत नव्हता. बोलेल हळूहळू, असं चिकोडीचे डॉक्टर म्हणाले होते.

शालूनं लेकीला जवळ ओढलं.

“आप्पा... ही बोलंना, ते ह्यापायी?”

‘न्हाई गं’ हे शब्द भरमूच्या ओठांवर आले होते. त्यानं ते गिळले. पिशवीतनं करवत काढली आणि नळाकडं गेला. करवतीचे चार हात मारताच पाइप तुटली, इतकी मऊ.

“म्हाईत न्हाई, बाळ,” तो पाठमोराच म्हणाला. “उद्या तिचं रगात तपासू. डॉक्टरनं इचारलं, पाइप कुणी घातली, तर तू गप ऱ्हा. मी सांगतो.”