अळणी तीस वर्षं

माझ्या सासूबाईंच्या हातचं जेवण जगात कुणालाही आवडणार नाही, हे मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ओळखलं. मीठ असून नसल्यासारखं, तिखटाचं नाव नाही, तेल चमच्याला पुसून घ्यावं इतकंच. भाजी इतकी शिजवायची की खाणाऱ्याला कुठली भाजी खातोय ते विचारावं लागावं. मी एकदा ताटावर बसून मीठ मागितलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी विष मागितलं. तेव्हापासून आमचं दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

या अळणी रांधण्याचं कारण मला पुढे कळलं, तेही त्यांच्याकडून नाही, माझ्या नवऱ्याच्या आत्यांकडून. सासरे आतड्याच्या कॅन्सरने गेले, चव्वेचाळीस वर्षांचे असताना. नवरा तेव्हा शाळेत होता. त्याच दिवशी, माणसांनी भरलेल्या घरात, आत्या सासूबाईंकडे बोट दाखवून म्हणाल्या होत्या की हिच्या हातच्या तिखटाने माझ्या भावाचा जीव घेतला. घरात कुणी हूं की चूं केलं नाही. सासूबाई त्या आधी फार चवीचं करायच्या म्हणे, शेजारणी वाट्या घेऊन यायच्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिखटाचा डबा बंद केला तो केलाच. मला हे सगळं सांगताना आत्यांना काडीचंही वाईट वाटत नव्हतं. आपण खरं तेच बोललो, अशी त्यांची ठाम समजूत होती.

आमचं चष्म्याचं दुकान आहे. मी पुढे काउंटरवर लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवून बघते, आणि नवरा मागच्या अरुंद खोलीत मशीनवर काचा घासतो. तिथे कायम ओल्या काचेच्या भुकटीचा वास असतो आणि एका ट्रेमध्ये दिसणारही नाहीत इतके बारीक स्क्रू. एका दुपारी तिथे त्याच्या आतेभावाचा, म्हणजे आत्यांच्या मुलाचा, फोन आला. तो हॉस्पिटलमधून बोलत होता. त्याचं आतड्याचं ऑपरेशन झालं होतं, कॅन्सरच निघाला होता, पण लवकर सापडला म्हणून तो बरा होणार होता. डॉक्टरांनी त्याची रक्ताची एक खास तपासणी केली, त्यात कळलं की हा दोष जन्मजात आहे, आईबापांकडून मुलांकडे येतो, आणि घराण्यात आणखी कुणाकुणात असू शकतो. दादा, तू तपासून घे, असं त्याने तीनतीनदा सांगितलं. आईने मात्र हे कुणाला सांगायचं नाही म्हणून घर डोक्यावर घेतलंय, हेही सांगितलं.

नवऱ्याने फोन ठेवला आणि पुन्हा काच घासायला बसला. मी विचारलं, कधी जायचं? तर म्हणाला, कुठे?

मग जुंपली आमची. त्याचं म्हणणं असं, की आत्यांच्या घरी रोज तळलेलं, चमचमीत, मग दुसरं काय होणार? आपण तर लहानपणापासून आईच्या हातचं अळणी खाल्लंय. तीस वर्षं. ती काय उगीच? आपल्या आतड्याला काय धाड भरलीय? मी म्हटलं, अरे, रक्तातून येतं म्हणतायत डॉक्टर. तर म्हणाला, डॉक्टर काहीही म्हणतात. आणि हाच माझा नवरा दुकानात दर गिऱ्हाइकाला सांगतो की त्रास नसला तरी वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या. मी हे त्याला तोंडावर ऐकवलं, तर त्याने मशीन चालू केलं. त्या आवाजात मला बोलता येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

तो तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. मला रडू येत होतं आणि त्याच्या टाळक्यात फ्रेमांचा खोका घालावासाही वाटत होता. आमची मुलगी अजून शाळेत आहे. माझा नवरा हट्टापायी मरेल आणि ताटातल्या बेचव भाजीवर विश्वास ठेवून मरेल, एवढंच मला दिसत होतं.

सासूबाईंनी आमचं भांडण ऐकलं होतं, कारण ते घरी आल्यावरही संपलं नव्हतं. पण त्या मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, यांना बरंच वाटत असेल, मुलगा आपल्या स्वयंपाकाचे गोडवे गातोय. दुसऱ्या दिवशी मी एकटीच हॉस्पिटलात चौकशीला निघाले, तर ह्या दारात चपला घालून उभ्या.

"मी येणार आहे," एवढंच म्हणाल्या. मी वाद घातला नाही, कारण त्यांच्याशी वाद घालून मी आजवर कधी जिंकले नव्हते.

हॉस्पिटलात अशा आनुवंशिक आजारांची माहिती देणारी एक तरुण बाई होती, छोट्याशा खोलीत, एका टेबलामागे. तिने मोठा कागद पुढे ओढला आणि आमच्या घराण्याची वंशावळ काढायला घेतली. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, आणि ज्याला आजार झाला त्याचं चित्र काळं करायचं. सासरे काळे झाले. आतेभाऊ काळा झाला. मग तिने विचारलं, सासऱ्यांना आणखी भावंडं? सासूबाई म्हणाल्या की एक धाकटी नणंद होती, ती गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली, पण ते बायकांचं दुखणं, त्याचा इथे काय संबंध. बाई म्हणाली, संबंध आहे, या दोषात तोही कॅन्सर होतो. तिने तो गोल काळा केला. आत्यांच्या गोलात तिने टिंब दिलं. मुलात दोष आहे, भावाला आणि बहिणीला याच दोषातले कॅन्सर झाले, त्यामुळे त्यांच्यातही तो नक्कीच असणार, म्हणाली.

"आणि सासऱ्यांचे वडील?"

"पोटाच्याच दुखण्याने गेले," सासूबाई म्हणाल्या. "रक्त पडायचं म्हणे. मी बघितलेलं नाही त्यांना. माझ्या लग्नाच्या आधीच गेले."

बाईने चौकोन काळा केला आणि सहज बोलून गेली, "म्हणजे तुम्ही या घरात यायच्या आधीपासून हे आहे."

सासूबाई त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं की जेवणाने होतं का हे. बाई म्हणाली, जेवणाने थोडंफार इकडंतिकडं सगळ्यांनाच होतं, पण यांच्या घरातलं मूळ कारण ते नाही. तुम्ही काहीही रांधलं असतं तरी हा दोष होताच. सासूबाईंनी तेच पुन्हा विचारलं, बाईनेही न कंटाळता तेच पुन्हा सांगितलं. येताना रिक्षात त्या पूर्ण वेळ बाहेर बघत होत्या. मीच बोलायला गेले, तर मला हाताने गप्प केलं.

त्या रात्री जेवायला बसल्यावर नवऱ्याने भाजीचा पहिला घास घेतला, तसं त्यांनी त्याचं ताट पुढून ओढून घेतलं.

"हे मी तुला वाचवायला रांधत नव्हते," त्या म्हणाल्या. "तुला उद्या काही झालं, तर पुन्हा कुणी माझ्याकडे बोट दाखवू नये म्हणून रांधत होते. माझी कातडी वाचवत होते मी. यानं तू वाचत नाहीस, बाळा. तुझ्या आजोबांनी माझ्या हातचा घाससुद्धा खाल्ला नव्हता, तरी ते गेले. उद्या रक्त देऊन ये."

तीस वर्षं ज्या ढालीमागे तो बसला होता, ती त्याच्या आईनेच काढून घेतली. स्वतःच्या तोंडाने, स्वतःची सगळी पुण्याई मोडून. मी त्या बाईला इतकी वर्षं नावं ठेवली होती, पण त्या क्षणी मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने दुकान उघडलं नाही, सरळ रक्त द्यायला गेला.

रिपोर्ट यायला काही आठवडे लागले. दोष त्याच्यातही होता. त्याचं तोंड पांढरं पडलं, पण आता मागे फिरायची सोय नव्हती, कारण एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला सासूबाई. आम्ही दोघी एका बाजूला झाल्याचं त्याने जन्मात पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला वाटतं, कॅन्सरपेक्षा तो त्यालाच जास्त घाबरला. दुर्बिणीच्या तपासणीच्या आदल्या दिवशी ते पोट साफ करायचं औषध त्याने नाक धरून प्यायलं. आमच्या घरी संडास एकच. त्या दिवशी त्यावर त्याची एकट्याची मालकी होती. मुलगी शेजारी जाऊन बसली, आणि सासूबाई दाराबाहेर उभ्या राहून आणखी किती ग्लास राहिले ते मोजत होत्या.

तपासणीत दोन गाठी सापडल्या. एक बारीक, एक चांगली बोराएवढी. दोन्ही तिथल्या तिथे काढल्या. लॅबचा निकाल घ्यायला आम्ही सगळे गेलो. डॉक्टर म्हणाले की मोठी गाठ बिघडायच्या वळणावर होती, दोनेक वर्षांत तिचा कॅन्सर झाला असता. झाला नव्हता. आता दरवर्षी येऊन बघून जायचं, सापडलं तर काढून टाकायचं, आणि मुलगी मोठी झाली की तिचंही बघायचं.

"म्हणजे मला जो व्हायचा होता, तो झालाच नाही?" नवऱ्याने विचारलं.

"नाही झाला," डॉक्टर म्हणाले.

तो हसायला लागला. मग बाहेरच्या बाकावर येऊन रडला, मग पुन्हा हसला, आणि समोरच्या एका अनोळखी आजोबांना तुमच्या चष्म्याची दांडी सैल झालीय म्हणून सांगितलं. मी त्याचा हात सोडलाच नाही. लोक बघत होते, बघू देत.

त्याच दिवशी आत्याही आल्या होत्या. त्यांच्या मुलाने, अजून पुरता सावरला नसताना, त्यांना जवळजवळ ओढत आणलं होतं. आपल्यात दोष निघाला तर तोंड कसं दाखवू, असं त्या म्हणत होत्या, आणि घाबरून अर्ध्या झाल्या होत्या. सासूबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांची पिशवी आपल्या मांडीवर घेतली. नर्स फॉर्म घेऊन आली. कुणाला काय झालं, कितव्या वर्षी, सगळं विचारून झालं. शेवटी तिने विचारलं, तुमच्या घरात हे कशामुळे झालं याबद्दल काही माहिती?

आत्यांनी सासूबाईंच्या मांडीवरच्या आपल्या पिशवीकडे बघितलं. सासूबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"आमच्या रक्तातच आहे," आत्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांपासून. ही माझी वहिनी. ही बाहेरून आली. हिचा यात काही दोष नाही. हिचा कधीच नव्हता."

"ते लिहून घ्या," सासूबाई नर्सला म्हणाल्या.

नर्स गोंधळली. आजी, त्यासाठी फॉर्मवर जागा नाहीये, म्हणाली.

"मग कडेला लिहा," सासूबाई म्हणाल्या, आणि ती लिहीपर्यंत त्यांनी आत्यांना उठू दिलं नाही.