हल्लेखोरास 'आपण' म्हणू नये

शनिवारी सकाळी दहा वाजता, सार्वजनिक रुग्णालयाच्या व्यायामोपचार कक्षात, 'वास्तवाधिष्ठित स्वसंरक्षण' या विषयावरील एकदिवसीय शिबिरास कर्मचाऱ्यांच्या सक्तीच्या उपस्थितीत प्रारंभ झाला. सक्तीचे कारण असे, की एका रुग्णाच्या नातलगाने अलीकडेच चौकशीच्या खिडकीची काच खुर्ची मारून फोडली होती. आणि खुर्च्या जमिनीला खिळवण्यापेक्षा माणसे लढाऊ करणे सोपे, असा निष्कर्ष व्यवस्थापनाने काढला होता. त्याच्या जोडीला एक आदेशही निघाला. शिबिरात जो अनुत्तीर्ण होईल, त्याला लोकांसमोर बसवणे जोखमीचे समजून तळघरातील जुन्या कागदपत्रांच्या खोलीत धाडण्यात येईल.

या आदेशाने इतरांची करमणूक झाली. आपणरावांची मात्र झोप उडाली.

चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या या गृहस्थांना हे नाव साऱ्या रुग्णालयाने मिळून दिले होते, कारण ते आल्यागेल्या प्रत्येकाला 'आपण' म्हणत. शल्यविशारदाला आपण, हमालाला आपण, आणि काचेला नाक लावून उभ्या असलेल्या शेंबड्या पोरालासुद्धा "आपण जरा बाजूला होता का?" काच फुटली त्या दिवशी ते रजेवर होते, आणि आपण असतो तर ती फुटली नसती, असे त्यांचे ठाम मत होते. खिडकी ही त्यांची गादी होती. घरी त्यांच्या बोलण्याला फारसे गिऱ्हाईक नव्हते. जे काही बोलायचे ते काचेतल्या त्या गोल भोकातून, आणि तिथून ते दिवसभर मनसोक्त बोलत. तळघरात बोलायला होते कोण? बऱ्या झालेल्यांच्या फायली, न झालेल्यांच्या फायली, आणि दोघींना समदृष्टीने खाणारी कसर.

घरातून निघताना बायकोने बजावले होते, "हे पाहा, तिथं जाऊन वाद घालू नका. ओरडा म्हटलं की ओरडायचं. खिडकी गेली तर दिवसभराचं सगळं साठवून तुम्ही घरी येऊन बोलाल, आणि ते माझ्याच्यानं व्हायचं नाही."

प्रशिक्षकांचा शर्ट काळा होता आणि त्याच्या पाठीवर कवटी होती. त्यांनी शिट्टी फुंकली, सगळ्यांवरून एक जळजळीत नजर फिरवली आणि गर्जना केली, "रस्त्यावर नियम नसतात!" वाक्य पुरेसे मुरू दिल्यावर त्यांनी फळ्यावर 'नियम' असे लिहिले, खाली रेघ ओढली आणि एकेक नियम मांडायला घेतला. त्यात अर्धा फळा भरला. हल्लेखोराने रबरी सुरा उजव्या हातात धरावा, शिट्टी होताच एक पाऊल पुढे यावे आणि मनगट पकडले जाईपर्यंत हात तसाच ठेवावा. वास्तवाने या क्रमाने वागायचे होते.

"आणि त्यानं डाव्या हातात धरला तर?" प्रसूती विभागाच्या थोरल्या सिस्टरने विचारले.

"तो भाग पुढच्या शिबिरात," प्रशिक्षक म्हणाले.

हल्लेखोराची भूमिका प्रशिक्षकांच्या मेहुण्याकडे होती. त्याला जाड स्पंजचे चिलखत आणि तोंड झाकणारे शिरस्त्राण घातले होते. प्रात्यक्षिकात त्याला बुकलताना प्रशिक्षकांचा उत्साह असा काही दुणावे, की शास्त्र कुठे संपले आणि सोयरीक कुठे सुरू झाली, हे सांगणे कठीण होते. कोपऱ्यातल्या खुर्चीवर रुग्णालयाच्या अधीक्षिका बसल्या होत्या. सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणत. कोणाला कुठे बसवायचे, याचा शेवटचा शब्द त्यांचा होता.

परीक्षा सोपी होती. हल्लेखोर अंगावर आला की दोन्ही हात पुढे करायचे, बेंबीच्या देठापासून "मागे हो!" असे ओरडायचे आणि त्याला ढकलायचे. रुग्णवाहिकेचा चालक ओरडला तेव्हा कोपऱ्यात टांगलेला प्लॅस्टिकचा सांगाडा हलला. थोरल्या सिस्टर तर ओरडल्याच, वर पदरचा एक गुडघाही त्यांनी हाणला. मेहुणा गुडघे जवळ घेऊन खाली बसला आणि शिरस्त्राणातून कळवळला, "ताई, ते अजून शिकवलं नाहीये!"

"मला येत होतं," सिस्टर म्हणाल्या.

मग आपणरावांची पाळी आली. मेहुणा लंगडत का होईना, पण अंगावर आला. आपणरावांनी दोन्ही हात पुढे केले, घसा साफ केला आणि म्हणाले, "कृपया आपण मागे व्हावं."

सकाळपासून त्या बिचाऱ्याच्या कानी पडलेला हा पहिला माणुसकीचा शब्द. तो निमूट मागे झाला.

"अरे, तू मागे का गेलास?" प्रशिक्षक खवळले.

"दाजी, ते नीट बोलले ना!"

"हल्लेखोर ऐकत नसतो! आणि तुम्ही हो, 'व्हावं' काय, 'व्हावं' काय? 'मागे हो!' त्याला मान द्यायचा नसतो!"

येथे घोडे पेंड खाऊ लागले. बायकोचा इशारा विसरून आपणराव नम्रपणे वादाला उभे राहिले. "पण यांची-माझी ओळख नाही. 'तू' मी आईला म्हणत असे आणि देवाला म्हणतो. परक्या हल्लेखोराशी एवढी जवळीक एकदम कशी साधावी?"

"घरी बायकोला काय म्हणता?"

"'अगं' म्हणतो. पुढचं तिला कळतं."

"कुत्रं अंगावर आलं तर?"

"तेव्हा मी बोलत नाही. पळतो."

"पळणं या अभ्यासक्रमात नाही!" प्रशिक्षकांनी निर्णय दिला आणि पुन्हा शिट्टी फुंकली.

आपणरावांनी डोळे मिटले, तळघर डोळ्यांसमोर आणले आणि सारा जीव एकवटून ते ओरडले, "मागे हो..." सगळ्यांनी श्वास रोखला. पण ते क्रियापद असे भर सभेत उघडेवाघडे उभे राहिलेले त्यांना बघवेना. "...ता का जरा?" त्यांनी त्याच्या अंगावर वस्त्र घातले.

चालक हसून हसून चटईवर लोळला. प्रशिक्षकांनी आपल्या कागदावर फुली मारायला पेन उचलले. "शेवटची संधी," ते म्हणाले. पण आता मेहुणाच उठेना. त्याने बर्फाची पिशवी मागितली होती आणि ती मिळेपर्यंत जगातल्या कोणावरही हल्ला करायला त्याचा साफ नकार होता.

तेव्हा बाई उठल्या. "ते चिलखत इकडे द्या. मी होते हल्लेखोर."

आपणरावांच्या तोंडचे पाणी पळाले. मेहुण्याला 'तू' म्हणणे जिथे साधेना, तिथे साक्षात अधीक्षिका! बाईंनी शिरस्त्राण चढवले. ना मूठ उगारली, ना सुरा घेतला. सावकाश पुढे येत त्यांनी विचारले, "एक्स-रे कुठं काढतात?"

सवयीने आपणरावांच्या तोंडून उत्तर गेले, "आपण डावीकडे वळावं. जिन्याच्या पलीकडचं दार."

"उजवीकडे ना?"

"नाही, डावीकडे."

"मला तर मघाशी एकानं वर सांगितलं."

"त्यांचा गैरसमज झाला असावा. आपण डावीकडे—"

"म्हणजे वर नाही?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"बरं." बाई वळल्या, दोन पावले गेल्या आणि परत आल्या. "मग एक्स-रे कुठं काढतात?"

आपणरावांच्या मानेची एक शीर उडू लागली.

"डावीकडे!" ते कडाडले. "डावा हात ठाऊक आहे का तुला? का तोही दाखवायला माणूस देऊ? डोक्यावर हत्तीएवढी पाटी आहे, तिच्यावर लाल बाण आहे, तो काय नक्षी म्हणून काढलाय? वाच की! चार जणांना विचारतोस, चौघांचं ऐकत नाहीस आणि पुन्हा माझ्याच बोकांडी येतोस! नाक काढ त्या काचेवरून! मागे हो! मागे हो म्हणतो ना!"

इतकी वर्षे गिळलेले सगळे 'तू' धरण फुटावे तसे बाहेर पडत होते. कोणाचा 'तू' कोणासाठी होता, याचा हिशेब उरला नव्हता. समोर बाईमाणूस आहे, आणि त्या साक्षात अधीक्षिका आहेत, हे भानही नव्हते. त्यांनी बाईंना ढकलत ढकलत पार भिंतीच्या लाकडी दांड्यांपर्यंत नेले, तेव्हा कुठे शिट्टी त्यांच्या कानात शिरली.

"वा! याला म्हणतात वास्तव!" प्रशिक्षक बेभान झाले होते. "उत्तीर्ण! शंभरपैकी शंभर!" टाळ्या पडल्या. मेहुण्यानेही बर्फाची पिशवी बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या.

आपणराव एकदम भानावर आले. "बाई, आपल्याला कुठं लागलं तर नाही ना?"

बाईंनी शिरस्त्राण काढले, केस सारखे केले. रागाचा मागमूस त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. त्या आपणरावांकडे जरा नवलाने पाहत होत्या. "एवढं सगळं पोटात होतं?"

"होतं, बाई," आपणराव पुटपुटले. मग हिंमत करून त्यांनी विचारले, "पण मी उत्तीर्ण झालो ना? खिडकी राहिली ना माझी?"

"उत्तीर्ण तर झालात," बाई म्हणाल्या. "पण त्या काचेपलीकडे आजारी माणसं असतात, घाबरलेली असतात. त्यांना उजवं-डावं कळत नाही, आणि ती दहादा विचारतात. तुम्ही सोमवारपासून तळघरात बसा."