मग्दालेनाचे केस

कंगव्याच्या दातांत एक केस अडकला होता—लांब, काळा, जरासा कुरळा—आणि तेलेस्फोरोला तो इथून, दाराच्या चौकटीतून, स्पष्ट दिसत होता. वर्तमानपत्र वाचायला त्याला दोन चष्मे पालटावे लागत; पण हा केस दिसत होता. क्रिस्पुलोने तो चिमटीत धरला, उजेडात वर केला, आणि—आता बघ, आता बोटाला गुंडाळणार—गुंडाळलाच. दर वर्षी गुंडाळतो. पवित्र आठवड्यातल्या बुधवारी, भर सकाळी, सगळ्या गावादेखत एक परका माणूस माझ्या बायकोचे केस विंचरतो, आणि गाव त्याला भक्ती म्हणतं.

मग्दालेना काही बोलत नव्हती. ती लाकडाची होती, संत मग्दालेनाची मूर्ती. क्रिस्पुलोच्या पणजोबांनी घडवून घेतलेली, म्हणून तिचे कपडे, तिचा रथ, तिचा साजशृंगार सगळं त्या घराकडे. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत तिनं केस मोकळे सोडून निघायचं, आणि ते खऱ्या बाईचे असायचे, ही गावची रीत. लग्नाआधी, आई दुखण्यातून उठावी म्हणून, लुमिंगने आपले कमरेपर्यंतचे केस नवसाला कापून दिले होते. आई उठली. मग लुमिंगने क्रिस्पुलोची मागणी परतवून तेलेस्फोरोशी लग्न केलं. म्हणजे तसा जिंकला तोच. पण जिंकून हाती काय, तर भादरलेल्या डोक्याची नवरी… आणि पुढे पिकत, विरळ होत गेलेलं तेच डोकं, जे या घटकेला बाजारात निखाऱ्यांवर तांदळाच्या पिठाची बिबिंग्का भाजत असेल. आणि हरलेल्याकडे राहिले ते विशीतले केस, जे कधी पिकले नाहीत, भांडले नाहीत, मीठ कमी पडलं म्हणून रुसले नाहीत…

म्हणून तर तो दर वर्षी मग्दालेनाच्या रथाचा दोर ओढायचा—क्रिस्पुलोवर नजर ठेवायला. म्हणून रोजच्या मिस्सेला यायचा. म्हणून चर्चच्या आवारात घोटाळायचा. आणि नुसतं घोटाळणं बरं दिसत नाही म्हणून आल्यागेल्याला चर्चची कहाणी ऐकवायचा—समुद्रातून पोवळ्याचे दगड कसे काढले, अंड्याच्या पांढऱ्यात चुना कसा कालवला, भूकंपात मनोरा कोसळला तेव्हा मोठी घंटा डुकरांच्या खुराड्यावर कशी उपडी पडली आणि आतून एक डुक्कर कसं धडधाकट, फक्त बहिरं होऊन निघालं. नवे फादर वेदीवरून म्हणाले होते, "श्रद्धा बघायची तर तेलेस्फोरोकडे बघा." त्यानं मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आणि म्हणूनच, चर्चच्या मोठ्या वाढदिवसासाठी वारसा समिती नेमली गेली तेव्हा तो पहिल्याच बैठकीत उभा राहिला होता. "मूर्ती पुरातन आहे. दमट हवा, धूळ, आणि हाताळणी… विशेषतः हाताळणी." शुक्रवारची मिरवणूक शेवटची, मग मग्दालेना फादरांच्या माडीवर काचेच्या कपाटात, किल्ली समितीकडे, म्हणजे त्याच्याकडे. खाली पितळेची पाटी, लुमिंगच्या पूर्ण नावाची—'केस : इलुमिनादा, तेलेस्फोरो यांची पत्नी'. पाटीत 'पत्नी' जरा ठसठशीत कोरून घेतलं होतं. सगळ्यांनी हात वर केले. क्रिस्पुलोनेही केला. तेवढं एक तेलेस्फोरोला खुपलं होतं.

"दारात काय उभा, कुम्पारे? ये की आत. लाकडाची आहे, चावत नाही."

कुम्पारे! बाप्तिस्म्यानं जडलेलं नातं; तेलेस्फोरो आणि लुमिंगच्या थोरल्या मुलाचा धर्मपिता हाच. ती कल्पनाही लुमिंगची.

क्रिस्पुलोने पुन्हा कंगवा उचलला. तो मूर्तीच्या खांद्यावर टकटक वाजू लागला. हात थरथरत होता. "बघ. आता मला घंटेखाली उभा करा, आपोआप वाजेल. घे, आज तू विंचर."

आणि कंगवा हातात आला. खोबरेल तेलाचा वास. इतकी वर्षं… आणि मी लुमिंगचे केस कधी विंचरले? एकदाही नाही. घरातल्या केसांना हात लावायचा असतो, हे मला कुणी सांगितलंच नाही…

"अरे टोकापासून! घोड्याला खरारा करतोस का?"

त्यानं टोकापासून धरले. बट बोटांवर आपोआप वळली. "लुमिंगचे तर सरळ होते."

"मग? ते कधीच जळले. मोठं वादळ झालं त्या वर्षी, मिरवणुकीत मेणबत्ती कलंडली. तू रथाला जुंपलेला होतास की."

"मला दिसलं नाही."

"कसं दिसणार? तू माझ्यावर डोळे वटारत होतास."

म्हणजे याला माहीत होतं. "मग हे कुणाचे?"

"देव जाणे. सेबू शहरातल्या दुकानातले. लुमिंगनेच निवडले."

"बोटीने गेलात?"

"नाही, पोहत."

"दोघंच?"

"तिची बहीण होती ना. सेबू येईपर्यंत ओकत होती." क्रिस्पुलोने स्टुलावर बूड टेकलं. "लुमिंग म्हणाली, फोरोला सांगू नका. तो त्या केसांकडे इतकं बघतो, बघू दे बिचाऱ्याला."

तेलेस्फोरोने छातीत ती जुनी आग चाचपली, चष्मा चाचपावा तशी. होती तिथे नव्हती. इतकी वर्षं मी एका अनोळखी बाईवरून जळत होतो. ती कदाचित सेबूत नातवंडं सांभाळत असेल. मग दुसरी एक ठिणगी—दुकानात दोघं उभी, लुमिंग बटा हातात घेऊन बघते आहे, हा हसतो आहे, आणि एवढं मोठं गुपित दोघांनी मिळून जपलं… पण मध्ये ती ओकणारी बहीण यायची आणि ठिणगी धड पेटेना.

"पाटीचं काय करणार?" क्रिस्पुलोने विचारलं.

तेलेस्फोरो विंचरत राहिला. टोकापासून.

दुपारी बाजारात लुमिंग केळीच्या पानाची जळकी कड तोडत होती. "झाली तयारी?"

"झाली."

तिची नजर त्याच्या खांद्यावर थांबली. काळा, लांब, जरासा कुरळा. राखेनं माखलेली तिची बोटं पुढे आली आणि त्यांनी तो केस अलगद उचलला. विचार. कुणाचा म्हणून विचार. एकदाच, जरा रागानं विचार, लुमिंग… तिच्या मानेवर एक पांढरी बट सुटून घामानं चिकटली होती. तिचं टोक त्याला स्पष्ट दिसत होतं. ती केस उजेडात धरून बघत राहिली, आणि तेलेस्फोरो, लग्नात वेदीपुढे उभा होता तसा ताठ, श्वास रोखून वाट बघत राहिला.