दर पाळीला दोन फुंकरा

"हे सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही," बॉयलरवाले काका म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप बाकावर टेकवला. हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत वॉर्डबॉय, स्वयंपाकी आणि धुलाईघरातल्या बाई जमल्या होत्या. काकांचं सगळंच खरं मानायचं नसतं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणूनच तर कुणी उठत नव्हतं.

यातलं बरंचसं मात्र खरं होतं. ऑफिसातून फर्मान सुटलं होतं: सर्टिफिकेट दाखवा, नाहीतर बॉयलर सोडून फाटकावर जा. फाटकावर काम एकच, दांडा वर, दांडा खाली. स्वयंपाकघराला नि धुलाईघराला वाफ पुरवणाऱ्या त्या धुडाची कुरकुर ऐकण्यात काकांचा उभा जन्म गेलेला. घरी काकूंची हाक त्यांना ऐकू येत नसे, पण बॉयलर नुसता शिंकला तरी ते डुलकीतून उठत.

सूनबाईने मोबाइलवर कोर्स शोधून दिला. फुकट, साऱ्या जगाला खुला. शिकवणाऱ्या बाई दूरदेशच्या. त्यांचं बोलणं पडद्याखाली मराठीत उमटे, पण ते मराठी माणसाचं नव्हतं, भाषांतराच्या यंत्राचं होतं. नेट यायचं फक्त गच्चीवर. काका टाकीला पाठ लावून बसले की काकू जिन्यातून विचारत, लग्नात माझ्याकडे पाहिलं होतंत का एवढं टक लावून?

सुरुवातीला त्या वर्गात जत्रा होती म्हणे. हळूहळू मोजकी डोकी उरली. काका चिकटून राहिले. फाटकाची धास्तीच तशी होती.

आणि एके दिवशी पडद्यावर वाक्य आलं: 'प्रत्येक पाळीत बॉयलरला दोनदा फुंकर मारा.'

झडप उघडून तळाचा गाळ बाहेर सोडायचा, याला कामावर सगळे ब्लोडाउन म्हणत. यंत्राने त्याची फुंकर करून टाकली होती, हे सूनबाईने उलगडून सांगितलं ते फार नंतर. तोवर काका गाळ नेहमीसारखा सोडत आणि वर, न जाणो, दोन फुंकरा मारत.

परीक्षेत मात्र पेच पडला. हाताला ठाऊक ते लिहावं, की बाई म्हणाल्या ते? पेपर तपासणारे त्याच कोर्सचे परमुलखातले विद्यार्थी, त्यांना विचारायची सोय नाही. बाईंचा शब्द बाईंना परत, असं म्हणत काकांनी डोळे मिटून फुंकर लिहिली. उत्तर तिकडे जाता जाता यंत्राने त्या फुंकरीचं पुन्हा ब्लोडाउन केलं. पैकीच्या पैकी मार्क पडले.

आज साहेबांनी सर्टिफिकेट उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, जा, सांभाळा तुमचा बॉयलर.

इथवर सांगून काकांनी असा श्वास सोडला, की समोरच्या चहावर लाट उठली. जीव हलका झाला, तशी जीभही सैल सुटली.

"पण कोर्सच्या बाई अगदीच चुकल्या नव्हत्या हं," ते म्हणाले. "काल सवयीने पहिली फुंकर मारली, प्रेशरचा काटा थरथरला. दुसरी मारली, तर गडी सरसर खाली. या डोळ्यांनी पाहिलं."

धुलाईघरातल्या बाईंनी कप खाली ठेवला.

"उतरणारच की, काका. तिकडे मी चादरींना वाफ सोडली होती."