एक जानेवारीची सिंहीण

डेल्फिनो आबेयताने चष्मा शर्टाला पुसला, पुन्हा नाकावर चढवला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलेल्या लॅपटॉपमधला तो फोटो परत पाहिला. सकाळपासून वीस वेळा तरी पाहिला असेल. घेवडा चुलीवर करपून गेला, तिकडे लक्ष नव्हतं. फोटोत एक पहाडी सिंहीण, म्हणजे प्यूमाची मादी, उभी होती आणि तिच्या पोटाला लागून दोन पिल्लं, अंगावर अजून ठिपके असलेली. खाली कोपऱ्यात तारीख होती, एक जानेवारी. घ्या! बाहेर मार्चची सहा तारीख चाललेली, आणि या कॅमेऱ्याच्या लेखी वर्षभर एकच दिवस.

आता यात कॅमेऱ्याचा काय दोष? कासिल्दाने, म्हणजे त्याच्या बहिणीच्या मुलीने, विद्यापीठाच्या सिंहगणतीसाठी मामाला सहा कॅमेरे दिले होते. झाडाच्या बुंध्याला बांधायचे, समोरून काही हललं की फोटो आपोआप निघतो. सोबत नव्या बॅटऱ्यांचा खोकाही दिला होता. मामाने नव्या बॅटऱ्या घातल्या रेडिओत, आणि रेडिओतल्या अर्ध्या संपलेल्या कॅमेऱ्यात. टाकून कशा द्यायच्या? त्याच्या आईने जन्मात मेणबत्तीचं बूड फेकलं नव्हतं. मग थंडीने रात्री कॅमेरा मरायचा, उन्हाने सकाळी जिवंत व्हायचा, आणि दर खेपेला दिवसही आणि फोटोंचे आकडेही पहिल्यापासून मोजायला लागायचा.

एरवी त्याने खांदे उडवले असते. पण नऊ दिवसांपूर्वी, हा कॅमेरा ज्या कड्याखाली होता तिथेच, त्याने एक सिंहीण मारली होती.

परवाना काढून मारली होती. शेजारच्या ओनेसिमोचे दोन मेंढे गेले होते आणि न्यू मेक्सिकोच्या त्या खोऱ्यात सिंहामागे कुत्री सोडणारा डेल्फिनोच उरला होता. या कामाची रीत त्याला बापाने नवव्या वर्षी शिकवली होती, कायदा तर मागाहून आला. कुत्र्यांनी सिंह झाडावर चढवला की बंदुकीला हात लावायच्या आधी खाली उभं राहून बघायचं. मादी असेल तर आचळं बघायची. दुधाची असेल तर कुत्री बांधायची आणि मुकाट घरी यायचं, मेंढ्यांचं काही का होईना.

त्या दिवशी सिंहीण झाडावर चढण्याआधी वळली आणि तिने कानेलाला फाडलं. कानेला त्याची तांबडी कुत्री, अकरा वर्षांची. बायको गेल्यापासून घरात बोलायला तेवढीच होती. डेल्फिनोने वर पाहिलं ते फक्त नेम धरायला. गावात मात्र त्याने छाती काढून सांगितलं की बघितलं, नीट बघितलं, कोरडी होती. आणि लोकांनी मानलं, कारण आबेयतांचा शब्द म्हणजे शब्द.

आता हा फोटो आधीचा की नंतरचा? नंतरचा असेल तर ही आई वेगळी, पिल्लांना घेऊन खुशाल हिंडतेय, काळजी मिटली. आधीचा असेल तर ती पिल्लं नऊ दिवस कड्याच्या कपारीत उपाशी आहेत, आणि आजच्या आज कुणाला सांगितलं तर कदाचित वाचतील. पण सांगायचं म्हणजे चाळीस वर्षांच्या शब्दाला चूड लावायची. बरं, चेहऱ्यावरून ओळखावं तर सिंहांच्या अंगावर ना पट्टे ना ठिपके, सगळे वाळल्या गवतासारखे. आपण शेपटीच्या बाकावरून सिंह ओळखतो, अशी बढाई त्याने भाचीपुढे मारली होती. फोटोत शेपटी नेमकी झुडपामागे. त्याच्या डोक्यात नुसता भुंगा शिरला होता.

मग त्याला एकदम दगडांची आठवण झाली. माणूस जिथे मरतो तिथे त्याच्या नावाने दगड रचून क्रूस उभा करायची त्यांच्याकडे पद्धत आहे. कुत्रीसाठी कुणी करत नाही. त्याने लोकांची नजर चुकवून केलं होतं, कॅमेऱ्यासमोरच्या जुनिपरच्या झाडाखाली, त्याच संध्याकाळी. फोटोतलं जुनिपरचं बूड त्याने मोठं करून पाहिलं. मोकळं! एक दगड नाही. म्हणजे आधीचा.

पण मन मोठं लबाड असतं. ते म्हणालं, एकदा जाऊन तर बघ. म्हातारा काठी घेऊन दोन तास चढला. जुनिपरखाली क्रूस आडवा पडला होता आणि दगड उतारावर विखुरले होते. हरणांनी पाडले, अस्वलाने उकरले, की वाऱ्याने क्रूस हलून सगळंच ढासळलं, देव जाणे. आणि कधी? काल पडले असतील तर फोटो आधीचा. दुसऱ्याच दिवशी पडले असतील तर नंतरचाही असू शकतो. तो तिथेच खडकावर बसला, कड्याकडे कान लावून. वारा होता. मधूनच काहीतरी बारीक ओरडल्यासारखं वाटायचं, आणि ते पाखरू आहे की आपल्याच मनाचा खेळ, तेही कळेना. एवढा गोंधळ त्याच्या आयुष्यात कधी झाला नव्हता.

खाली आला तर दारात कासिल्दाची गाडी उभी. ती कॅमेऱ्यांमधली कार्डं न्यायला आली होती आणि करपलेलं भांडं घासत मामाच्या नावाने बोटं मोडत होती. त्याने तिला फोटो दाखवला. बॅटऱ्यांचं सांगितलं, दगडांचं सांगितलं, शेपटीचं, वाऱ्याचं, सगळं सांगितलं, नको ते आधी आणि हवं ते शेवटी.

"पोरी, मी बघितलंच नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "आचळं बघितली नव्हती मी. खोटं बोललो."

कासिल्दाने हात पुसले. "मामा, कातडी कुठंय?"

कातडी! कातडी मागच्या कोठीत होती, मिठात, त्यानेच घडी घालून ठेवलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. नऊ दिवस त्या कोठीच्या दारावरून तो सरपण आणायला जात होता. आणि खरं सांगायचं तर विसरला वगैरे काही नव्हता. दारापाशी आला की त्याचे पाय आपोआप भरभर पडायचे.

दोघांनी घडी उलगडून केसांची बाजू वर केली. डेल्फिनोने मीठ झटकलं. पोटाकडच्या पांढऱ्या केसांत प्रत्येक आचळाभोवती रुपयाएवढं गोल टक्कल पडलेलं होतं, पिल्लांनी चोखून चोखून पाडलेलं. मामाला टोचून काही बोलायचं नाही, असं ठरवून कासिल्दा त्याच्याकडे न बघता वन्यजीव खात्याला फोन लावायला बाहेर गेली. खात्याच्या माणसांना पिंजरा घेऊन निघायला दोन तास लागणार होते.

"आपण पुढं होऊ," तो म्हणाला आणि कातडी खांद्यावर टाकली. कशाला, म्हणून तिने विचारलं. "पिल्लं मला ओळखत नाहीत. हिला ओळखतात."

दिवस मावळायच्या आत ती दोघं कड्याखाली पोचली. त्याने कातडी कपारीसमोरच्या सपाट खडकावर पसरली, केस वर करून, आणि दोघं वाऱ्याच्या उलट अंगाला बसली. मिठाने वास राहिला असेल की नाही याची त्याला खात्री नव्हती. पाऊण तासाने कपारीतून एक पिल्लू आलं. पाय लटपटत होते. ते कातडीपर्यंत आलं, नाक खुपसत खुपसत पोटाच्या बाजूला गेलं आणि तिथे अंग मुडपून पडलं. मामा-भाची दुसऱ्याची वाट बघत राहिली.

खात्याची माणसं आली, पिल्लू उचललं. त्यातला एक जण हातात विजेरी घेऊन कपारीत शिरला, बराच वेळ आत होता, आणि रिकाम्या हाताने बाहेर येऊन त्याने नुसती मान हलवली. डेल्फिनोने टोपी काढली. तो उतारावर गेला आणि पडलेले दगड एकेक करून गोळा करायला लागला. कासिल्दा कॅमेऱ्यात नव्या बॅटऱ्या घालत होती, तिच्याकडे वळून त्याने विचारलं, "तारीख नीट टाकलीस ना?"

"टाकली, मामा. सहा मार्च."

त्याने मान डोलावली आणि कानेलाच्या दगडांशेजारी दुसरा, लहानसा ढीग रचायला घेतला.